मिनिटभर मागे पडलेलं घड्याळ

गोळेकाकांचं खरं आडनाव पगारपत्रकावर होतं. इतर कुठे ते कोणी वापरत नसे. धरणाखालच्या छोट्या वीजकेंद्रात ते छत्तीस वर्षं गव्हर्नरचे मिस्त्री होते. गव्हर्नर म्हणजे यंत्राचा वेग सांभाळणारं उपकरण. त्यात दोन लोखंडी गोळे गरगरत असतात. गावात पंप आणि गिरण्या सुरू झाल्या की यंत्रावर भार येतो आणि ते जरा मंदावतं. मग गोळे आत येतात, त्यांना जोडलेली दांडी हलते आणि तेलाच्या जोरावर पाण्याची दारं जास्त उघडतात. भार उतरला की याच्या उलट. यंत्राचा वेग तीच विजेची फ्रिक्वेन्सी, आणि ती पन्नासवर ठेवायची, एवढंच काम. "एवढंच" हा शब्द काकांचा.

लग्नानंतर त्यांनी घरी विजेवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ आणलं. फ्रिक्वेन्सी घसरली की ते मागे पडे, चढली की पुढे धावे. काकूंच्या हातातलं घड्याळ चावीचं होतं. रोज संध्याकाळी त्या दोन्ही ताडून पाहत आणि काका चपला काढतात तोच निकाल सांगत.

"आज वीस सेकंद मागे. झोपला होतात का?"

"गिरणीने मोठी मोटर न सांगता चालू केली."

"गिरणीवाल्याचं नाव बरं सापडतं रोज."

पुढे मोठी लाइन आली. गावची वीज दूरच्या शेकडो यंत्रांशी जोडली गेली आणि वेग सांभाळायचा मान मोठ्यांकडे गेला. केंद्रातल्या दोन मशीन, थोरली आणि धाकटी, नुसत्या मागे मागे फिरू लागल्या. घरचं घड्याळ बरोबर चालू लागलं आणि काकूंचा एक विषय संपला.

काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते तेव्हा मोठ्या लाइनचे दोन खांब बदलायचं निघालं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच लाइन बंद. केंद्राच्या साहेबांच्या टेबलावर दोन कागद होते. एक गावाला दिवसभर वीज नसल्याच्या सूचनेचा, दुसरा दोन्ही मशीन भंगारात काढण्याचा.

"साहेब, तो दिवस आम्हाला द्या," काका म्हणाले. "दोघी मिळून गाव ओढतील."

साहेब हिशेबी माणूस, पण दुष्ट नव्हते. "देतो. पण फ्रिक्वेन्सीची सुई पन्नासवर पाहिजे. दोन्ही मशीन पन्नासवर बांधून टाका."

"दोन्ही नको, साहेब."

"का? एकीपेक्षा दोघींनी धरलं तर घट्टच राहील ना?"

काकांना हसू आलं, कारण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी हेच केलं होतं. तेव्हा दोन्ही मशीनना सक्त पन्नासचा हुकूम दिला. पण दोन मशीनचे काटे कधी तंतोतंत सारखे नसतात. थोरलीला वाटलं वेग कमी आहे, तिने सगळा भार ओढला. धाकटीला वाटलं जास्त आहे, तिने अंग काढून घेतलं. मग उलट. पाच मिनिटांत गाव अंधारात. काकांना काम शिकवणारे वस्ताद कोपऱ्यात चहा पीत सगळं पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "झालं समाधान? आता एकीला नमतं घ्यायला शिकव."

नमतं घेणं म्हणजे भार वाढला की वेग थोडा उतरू द्यायचा. सगळ्या मशीन अशा जरा जरा उतरल्या की प्रत्येकीच्या वाट्याला आपापल्या ताकदीचा भार येतो आणि भांडण होत नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं, थोरली बांधा, धाकटी नमती ठेवा. पण सुई हलली, तर मी समजेन मशीन म्हाताऱ्या झाल्या. मग तो दुसरा कागद मला थांबवता येणार नाही."

त्या दिवशी नऊला लाइन बंद झाली. सुई थरथरली आणि पन्नासवर बसली. साडेदहाला पाणीपुरवठ्याचा मोठा पंप सुरू झाला. सुई खाली गेली, गोळे आत आले, पाण्याचा आवाज बदलला आणि सुई पुन्हा वर आली. स्विचबोर्ड सांभाळणाऱ्या ताईंनी रोखलेला श्वास सोडला.

"काका, थोरलीची दृष्ट काढा."

"आधी पाच वाजू देत."

साडेबाराला काकांच्या पायाला तेल लागलं. थोरलीच्या गव्हर्नरमध्ये धक्का जिरवणारी एक छोटी तेलाची कुपी असते. तिचं सील गेलं होतं. कुपी रिकामी होऊ लागली तसे गोळे उतावीळ झाले. दारं गरजेपेक्षा जास्त उघडत, मग जास्त मिटत. सुई साडेएकोणपन्नास, मग साडेपन्नास, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा.

"काका, असंच चाललं तर दोघी बंद पडतील," ताई म्हणाल्या.

काकांना ते कळत होतं. इलाजही कळत होता. थोरलीलाही नमतं घ्यायला लावलं की झोके थांबतील. पण मग पन्नासला धरून ठेवणारं कोणीच उरणार नाही. भार चढला की सुई खाली बसेल आणि तिथेच राहील. साहेबांना दिलेला शब्द मोडेल.

त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि थोरलीचा नमतं ठरवणारा खिट्टा तीन खुणा फिरवला. झोके लहान झाले, मग विरले. सुई पन्नासच्या जरा खाली स्थिरावली.

"खालीच बसली की," ताई म्हणाल्या.

"बसू दे. ताठ उभी राहून पडण्यापेक्षा बरी."

"आणि साहेब?"

"साहेब पाचला येतील. दवाखान्याचे दिवे आत्ता चालू आहेत."

नंतर काका हाताने गव्हर्नरचं चक्र फिरवून सुई वर आणत, पण ती पोचायच्या आत गावाने आणखी काहीतरी सुरू केलेलं असे. ताईंनी प्रत्येक आकडा नोंदवला. काकांनी सांगितलं होतं, एकही गोड करून लिहायचा नाही.

पाचला लाइन परत आली. पाठोपाठ साहेब आले. त्यांनी नोंदवही वाचली, मग भिंतीवरचं विजेचं घड्याळ पाहिलं, मग मनगटावरचं.

"एक मिनिट पाच सेकंद मागे आहे, काका."

"हो, साहेब. शब्द राहिला नाही."

साहेबांनी वहीचं पान उलटलं.

"पण एक सांगू?" काका म्हणाले. "वीज बंद ठेवली असती, तर हे घड्याळ आठ तास मागे पडलं असतं."

साहेब पुन्हा घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "त्या कुपीचं सील कुठे मिळतं?"

"मिळत नाही. चामडं आणून द्या, मी मापाने कापून बसवतो."

"दोन बनवा. एक जादा असू दे."

काका घरी पोचले तेव्हा काकू दारातच होत्या, डोळे मनगटाकडे.

"अहो, मिनिटभर मागे आहे. बऱ्याच वर्षांनी."

"गिरणीने मोटर चालू केली होती."

"सापडला बाई गिरणीवाला," काकू म्हणाल्या आणि काटा पुढे सारायला स्टूल ओढू लागल्या.

"राहू दे दोन दिवस," काका म्हणाले.