अडीच फूट खोल

उंची सहा फूट आणि गावभर नाव 'अडीचफुटे'. नवीन माणसाला गंमत वाटायची. पण ते नाव त्यांच्या उंचीवरून नव्हतं, त्यांच्या चरावरून होतं. जमिनीखालून विजेची केबल न्यायची म्हटली की हा वायरमन अडीच फुटांपेक्षा उथळ चर ठेवूच द्यायचा नाही. जमीन कडक लागली, मजूर कुरकुरले, मालक घाई करू लागला, तरी हे पट्टी लावून बघणार आणि म्हणणार, "अजून चार बोटं." बायको म्हणायची, यांना वाढताना मला आमटीत पट्टी बुडवून बघावी लागते.

त्यांचा दुसरा हट्ट याहून मोठा होता. केबल टाकून झाली की घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः जो त्या जमिनीत खणतो त्याने, चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन ती डोळ्यांनी बघायची. त्याशिवाय चर बुजवायचा नाही. "वायर मुकी असते," ते सांगायचे. "मी इथे आहे असं ती ओरडून सांगत नाही. खणणाऱ्याला ठाऊक पाहिजे."

गावाच्या टोकाच्या घरात हा हट्ट अडून बसला.

त्या घराच्या मागे भाजीचे वाफे आणि त्यापलीकडे गोठा. गोठ्यात वीज जायची ती घराच्या छपरावरून, झाडाच्या फांदीला बांधलेल्या एका जुन्या वायरीतून. फांदी हलून हलून वायरीची साल निघाली होती. एकदा दूध काढताना घरच्या सुनेचा हात पत्र्याला लागला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. तिने त्याच दिवशी मेन बंद केला आणि अडीचफुटे काकांना बोलावणं धाडलं. नवरा नोकरीपायी परगावी असायचा, आठवड्याने यायचा. घर बघायचं तिनेच.

काकांनी जागा पाहिली. एका बाजूला पाण्याचा पाइप, म्हणून चर दुसऱ्या बाजूने, वाफ्यांच्या कडेकडेने काढायचा ठरला. ते वाफे सासऱ्यांचे. त्यांना विचारलं तर ते "करा काय करायचं ते" म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले.

दोन दिवसांत चर झाला. तळाला वाळू, वाळूवर अंगठ्याएवढी जाड, पोलादी कवचाची केबल, मध्ये कुठेही जोड नाही, वर पुन्हा वाळू. बघता यावी म्हणून जागोजागी तेवढी ती उघडी ठेवलेली. काकांनी सगळ्यांना हाक मारली. सून आली, तिच्या दोन्ही मुली आल्या, धाकटीने तर गाईलाही आणायचं का म्हणून विचारलं. सुनेचा नवरा आठवड्याच्या फेरीला आला होता, तो सकाळीच बघून परतला होता. सासरे आले नाहीत.

"चाळीस वर्षं खणतोय मी इथे," ते ओसरीवरूनच म्हणाले. "माझ्या जमिनीत काय आहे ते मला परक्याने दाखवायचं?"

काकांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि ते घरी निघून गेले.

चर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तसाच, तिसऱ्या दिवशी तसाच. सून फळी टाकून दुधाची चरवी पलीकडे न्यायची. मुलींना उड्या मारायला खेळ झाला. शेजारची बाई कुंपणावरून विचारून गेली, की काय हो, कालवा काढताय का. रोज सकाळी काका यायचे, ओसरीकडे बघायचे, म्हाताऱ्याने मान फिरवली की परत जायचे. शेवटी सून हात जोडून म्हणाली, की काका, बुजवून टाका, त्यांच्याकडे मी बघते.

काका फळीवर बसले. चोविसाव्या वर्षी आपण एका ठिकाणी मालकाच्या घाईपोटी फूटभर खोलीवरच चर बुजवला, मालकाचा भाऊ तेव्हा गावात नव्हता, आणि तीन महिन्यांनी त्याने कुंपणाच्या खांबासाठी तिथेच पहार घातली, हे त्यांनी तिला सांगितलं. देवाच्या कृपेने माणूस वाचला. पण उजव्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही.

"बाजारात भेटतो अजून," काका म्हणाले. "डावा हात वर करतो आणि हसतो. शिव्या देत नाही, हसतो. तेच सोसत नाही बघ."

सुनेने एकदा वाफ्यांकडे बघितलं आणि ती घरात गेली.

चौथ्या दिवशी काका जरा लवकर आले. म्हातारबाबा वाफ्यात होते. काका कुंपणापाशीच थबकले. बाबा कुदळ मारत होते, पण मारण्याआधी दर वेळी डाव्या पायाने माती चाचपत होते, रोपाचं पान दोन बोटांत धरून बघत होते. वाफ्याच्या या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत सुतळी ताणलेली होती, आणि एक हात सुतळीवर ठेवून ते पुढे सरकत होते. शेवटच्या वाफ्याशी आले, चराच्या बाजूला, आणि त्यांचा हात हवेतच राहिला. तिथे सुतळी नव्हती. दोनदा त्यांनी हवेत हात फिरवला, पाय उचलला, तसाच मागे घेतला आणि उलटे वळले.

तिथली सुतळी काकांनीच सोडली होती. चर खणताना मध्ये येते म्हणून गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत टाकली होती आणि विसरून गेले होते. चार दिवस ज्याला ते बघायला बोलावत होते, त्याला दिसतच नव्हतं.

ते लांबूनच खाकरले. मग जवळ जाऊन त्यांनी सुतळीचं गुंडाळं बाबांच्या हातात ठेवलं.

"ही तुमची. माझं चुकलं."

बाबांनी ते अंगठ्याने चाचपलं.

"सुनेला सांगू नका," ते म्हणाले. "कळलं तर कुदळ काढून घेईल. मग मी ओसरीवर बसून काय करू, माश्या मारू?"

काकांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मग ते चरात उतरले आणि त्यांनी बाबांना हात दिला.

"या. जोडलेली नाही अजून, भ्यायचं कारण नाही."

बाबा उतरले. वाकून त्यांनी वाळूत हात घातला, केबल पकडली आणि तिच्यावरून बोटं फिरवत, मोठ्याने पावलं मोजत गोठ्यापर्यंत गेले. एकेचाळीस. परत येताना पुन्हा मोजली. मग म्हणाले, विटा द्या. वाळूवर एकेक वीट त्यांनी हातांनी लावली, वीट विटेला चिकटून, रेघ सरळ. काकांना त्यात एकही वीट हलवावी लागली नाही, आणि दुसऱ्याने लावलेल्या विटांत असं सहसा घडत नसे.

हातभर माती पडल्यावर धोक्याची पिवळी पट्टी टाकायची वेळ आली. काकांनी ती हातात घेतली आणि थांबले. पट्टी ज्याला दिसते त्याच्यासाठी. ती टाकलीच, पण वाफ्यांच्या बाजूला तिच्यावर फुटक्या कौलांचा एक थर अंथरला. कुदळ चुकून आलीच तर आधी कौल वाजेल. बाबांनी कुदळीच्या टोकाने एक कौल ठोकून बघितलं आणि मान हलवली. शेवटी सुतळी बांधली, आता चराच्या अलीकडे दोन हातांवर.

"सुतळीच्या पलीकडे कुदळ नाही," काका म्हणाले.

"नाही," बाबा म्हणाले. "आणि दुसऱ्याचीही नाही. मी आहे इथे."

दुपारी केबल तपासून जोडली, अर्थिंग बघितलं, विजेची गळती झाली तर आपोआप बंद पडणारा स्विच चार वेळा बंद पाडून दाखवला. गोठ्यात दिवा लागला. "लागला का?" बाबांनी ओसरीवरून विचारलं, आणि नातींनी एका सुरात सांगितलं, लागला.

काका हत्यारं आवरत होते तेव्हा सून चहा घेऊन आली. तिची नजर सुतळीवर गेली. जवळ जाऊन तिने गाठ ओढून बघितली, सैल वाटली, म्हणून सोडून पुन्हा आवळून बांधली. अगदी सवयीच्या हाताने.

"चार दिवस मी हीच शोधत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला विचारलं असतं तर कशाला हवी ते सांगावं लागलं असतं. दर पंधरा दिवसांनी सैल होते, मी ताणते. त्यांना माहीत नाही." आणि कप पुढे करत म्हणाली, "सांगू नका हं त्यांना."

घरी बायकोने विचारलं, की आला का म्हातारा खाली, काय म्हणाला, चार दिवस कशाला रुसला होता. एरवी जेवताना सगळा दिवस ओतणारे अडीचफुटे एवढंच म्हणाले, "चर बुजला," आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.