प्रश्न बापाने विचारायचा

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. दृढीकरणाच्या वर्गातली मुलं झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, सगळ्यांसमोर उभी राहायची आणि त्यांना प्रश्न विचारायचे ते त्यांच्या आईने किंवा बापाने. मास्तरने नाही, पाळकानेही नाही. दृढीकरण म्हणजे तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा मुलाने जाणतं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा. ते झाल्याशिवाय प्रभुभोजनात भाकर-द्राक्षरस मिळत नसे. ज्याच्या घरचं कुणी विचारायला उभं राहणार नाही, त्याने पुढच्या वर्षी यावं, असा नियम. हा नियम कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोडायची परवानगी कुणाकडे मागायची हेही ठाऊक नव्हतं.

गाव आष्टीच्या पुढचं. आज ते जालना जिल्ह्यात येतं, तेव्हा परभणीत होतं. निजामाच्या राज्यात हैदराबादकडून आलेल्या कुणा लुथरन मिशनऱ्याने इथे वीसेक घरं जोडली आणि तो निघून गेला. घरं राहिली, प्रश्नोत्तराचं पुस्तक राहिलं आणि पत्र्याचं एक चर्च राहिलं. आमचे लोक त्याला देऊळच म्हणत. त्या देवळामागच्या खोलीत मी राहायचो. पाळक महिन्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे. बाकीचे दिवस प्रार्थना घेणं, आजाऱ्याला भेटणं आणि मुलांना पुस्तक शिकवणं ही कामं माझ्याकडे. पंचविशी नुकतीच ओलांडली होती, लग्न झालं नव्हतं आणि करून देणारं कुणी उरलं नव्हतं.

मी मूळचा हसनाबादकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. जालन्यात शिकताना ख्रिस्ती झालो. ते कळल्यावर वडील एवढंच म्हणाले, की या घरात तुझं ताट वाढलं जाणार नाही. वडिलांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी गेलो नाही, त्यांनी बोलावलं नाही. दिवसा काम असायचं, पण दिवेलागणीला खोली खायला उठायची. शेजारी बौद्ध वस्ती होती, तिथली वंदना ऐकू यायची. पलीकडे कुणाची तरी आई कुणाला तरी जेवायला हाका मारायची. मी दार लोटून घ्यायचो, तरी ती हाक आत यायचीच.

वर्गाला सात-आठ मुलं होती, तेरा ते सोळा वयाची. पाठांतर त्यांचं असं, की दहा आज्ञांतली मधलीच विचारली तर पहिलीपासून गाडी सोडत आणि हव्या त्या ठेसनावर येऊन थांबत. पुस्तकाच्या आरंभीच म्हटलं होतं, की हे सगळं घरच्या कर्त्या माणसाने घरच्यांना शिकवावं. म्हणजे मी मधला अडत्या. पण कर्ती माणसं उन्हातान्हातून थकून यायची, अक्षरओळख नसायची. मी घरोघर जाऊन म्हणायचो, रोज एकच प्रश्न विचारा पोराला. एका बाईने मला सरळ ऐकवलं, "मंग तुमाला पगार कशाचा हाय, मास्तर?" चहा पिऊन परत आलो.

तर त्या वर्षी वर्गात एक पंधरा वर्षांची मुलगी होती. आई वारलेली. घरचा स्वयंपाक आटपून यायची म्हणून नेहमी उशिरा यायची, पिठाचे हात पदराला पुसत मागे बसायची. सगळ्यात चांगलं तिलाच येई. अर्थही विचार करून सांगायची. वडील विहिरी बांधणारे गवंडी, सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. बायको गेल्यापासून त्यांनी देवळाचा उंबरा ओलांडला नव्हता.

"आबा उभे ऱ्हानार न्हाईत," ती मला म्हणाली. "म्या इचारलं."

"मग पुढच्या वर्षी बस."

तिने नाही म्हणून मान हलवली. पुढच्या वर्षी ती गावात असेल याचा भरवसा नव्हता. तिचे मामा बौद्ध, माणसं चांगली, पण तिला आपल्या गावी नेऊन लग्न उरकायचं त्यांचं बोलणं चाललं होतं. तिची आई दर वेळी प्रभुभोजनाच्या ज्या मेजापुढे गुडघे टेकायची, तिथे एकदा तरी बसायचं, एवढंच तिला हवं होतं. ती रडली वगैरे नाही. पण मला रात्रभर ते टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्तरींना गाठायला गेलो. ते विहिरीच्या तळाशी दगड बसवत होते. मी काठावर उभा राहून रीतीचं बोलू लागलो, मुलीचं कल्याण, बापाचं कर्तव्य. खालून आवाज आला, "मास्तर, वरून काय उपदेश करून राह्यलात? खाली या!"

उतरलो. तळाशी गारवा होता, वर आभाळाचा परातीएवढा तुकडा. मिस्तरींनी मला एका दगडावर बसवलं आणि स्वतः काम करत करत बोलले.

"म्या पोरगा असताना जालन्याला बोर्डिंगात व्हतो. तुमचं न्हाई, दुसरं मिशन. पाचवी आज्ञा म्हन, म्हनायचे. आईबापाचा मान राख. माझे आईबाप दोघंबी पटकीनं गेल्ते, मास्तर. मान राखू कुनाचा? तितं आलो का जीभच आडायची. मंग हात पुढं करायचा, आन छडी. पळून आल्तो तितून. आजबी कुनी चारचौघात प्रश्न इचारला का डोकं बंद."

मी म्हणालो, "पण मिस्तरी, तुम्हाला कुणी विचारणार नाही. तुम्ही विचारायचं आहे."

त्यांचा हात थांबला. "म्या इचारायचं? आन उत्तर?"

"ते ती देईल."

ते हसायला लागले. विहिरीत हसू भलतंच मोठं वाटतं. "हे बेस हाय की! मंग शिकवा. पन पोरीम्होरं न्हाई शिकनार. तुमच्या खोलीवर येतो."

आणि ते खरंच येऊ लागले. काम सुटल्यावर हातपाय धुऊन, खांद्यावर टॉवेल टाकून, दिवेलागणीला. दोनच प्रश्न विचारायचे होते, एक बाप्तिस्म्यावरचा आणि एक आज्ञेचा. आज्ञेचा प्रश्न त्यांनी हट्टाने तोच निवडला, आईबापाच्या मानाचा. घोळ एवढाच, की आमच्या लुथरन मोजणीत ती आज्ञा चौथी येते. आज्ञा सगळ्यांच्या त्याच, पण दुसऱ्या मिशनांची वाटणी निराळी, म्हणून त्यांच्यात ती पाचवी. आमची पाचवी म्हणजे खून करू नये. मिस्तरी दहा वेळा "चौथी आज्ञा कोन्ती?" म्हणायचे आणि अकराव्यांदा "पाचवी" म्हणून कपाळावर हात मारून घ्यायचे.

"छडीनं शिकलेलं हाय, जल्दी निघायचं न्हाई," म्हणायचे.

दोन प्रश्नांना कितीसा वेळ लागतो? ते चार दिवसांत पाठ झाले असते. पण मी घाई केली नाही आणि त्यांनीही केली नाही. चहा व्हायचा. माझा हात जगन्नाथ, त्यामुळे भाकरीचे नकाशे व्हायचे, ते बघून मिस्तरी पोट धरून हसायचे. कोणत्या गावात पाणी गोड, कुठे मचूळ, कुठला मालक दगडाच्या मापात मारतो, सगळं सांगायचे. बायकोबद्दल सांगायचे. कधी कधी पुस्तक उघडायचं राहूनच जाई. मी दुपारपासून त्यांची वाट बघायचो, हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं. दार लोटायचं मी सोडून दिलं होतं.

एकदा त्यांनी मलाच विचारलं, "मास्तर, तुमचे वडील हाईत ना? कधी गेल्ते का मंग?"

"आहेत," मी म्हणालो, "पण गेलो नाही." ते थांबले. विचारून थांबणं त्यांना आता छान जमत होतं. ही आज्ञा मी वर्गात नेहमी भरभर उरकायचो, हे त्या शांततेत मला नको इतकं कळलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "म्या काय छडी आनली न्हाई."

झावळ्यांचा रविवार आला. शिंदीच्या झावळ्यांनी देऊळ सजवलं, पत्रा तापला होता, बायका पदराने वारा घेत होत्या. पाळक पुढे खुर्चीवर पुस्तक उघडून बसले. आई-बाप एकेक करून उठायचे, विचारायचे, पोरं घडाघडा बोलायची, अर्थ तेवढा पाळक विचारायचे. ज्या बाईने माझा पगार काढला होता तिनेही डोक्यावरचा पदर सावरत प्रश्न विचारला आणि पोराच्या आधी स्वतःच उत्तर देऊन टाकलं. सगळे हसले.

मग मिस्तरी उठले. पांढरा सदरा, नीळ जरा जास्तच झालेली. बाप्तिस्म्याचा प्रश्न त्यांनी नीट विचारला, मुलीने नीट उत्तर दिलं. दुसऱ्याला ते थांबले. सगळं देऊळ त्यांच्याकडे बघत होतं. आणि मी पाहिलं, त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते, तळवे वर करून. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं.

"पाचवी आज्ञा कोन्ती?" ते म्हणाले.

मी डोळे मिटले. संपलं, वाटलं. आता ही सांगेल की खून करू नये, कारण पुस्तकाप्रमाणे तेच बरोबर आणि तिला पुस्तक तोंडपाठ. मग अर्थही खुनाचाच विचारला जाईल आणि बाप पुन्हा त्या बोर्डिंगात जाऊन उभा राहील.

मुलीने बापाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आईबापाचा मान राखावा."

पाळकांनी पुस्तकातून डोकं वर केलं. "ही चौथी, बाई. पाचवी सांग."

"आबांनी हीच इचारली," ती म्हणाली.

"बरं. याचा अर्थ काय?"

पुस्तकातला अर्थ तिला पाठ होता, माझ्यापुढे तिने तो अनेकदा म्हणून दाखवला होता. तो तिने सांगितला नाही. म्हणाली, "चारचौघात बापाला खाली बघाय लावू न्हाई."

पाळक तिच्याकडे बघत राहिले, मग मिस्तरींकडे. मिस्तरींनी आपले हात पाहिले आणि हळूच मागे घेतले. पाळकांनी बोट घालून धरलेलं पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "बस, बाई. झालं तुझं." आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

इतकी वर्षं मी ती आज्ञा शिकवत होतो आणि मला ती आज पहिल्यांदा दिसत होती. हसनाबादकडच्या एका अंगणात बसलेला माणूस मला आठवला. त्यालाही गावाने चारचौघांत खाली बघायला लावलं असेल, माझ्यावरून. पण हे सांगायला मला तिथे कुणी नव्हतं. ज्याला सांगितलं असतं तो आपल्या पोरीला घेऊन दाराशी लोकांचे नमस्कार घेत होता.

त्याच आठवड्यात गुरुवारी ती प्रभुभोजनाला बसली, बाप शेजारी गुडघे टेकून. नंतर ईस्टर झाला, सगळ्या घरी गोडधोड झालं, मलाही चार घरांतून आलं.

सोमवारी मी दिवेलागणीला चहाचं आधण ठेवलं. मिस्तरी आले नाहीत. लांबच्या विहिरीवर गेले असतील, म्हटलं. मंगळवारी नाहीत. बुधवारी मी दाराशीच बसून होतो, रस्त्यावर कुणी दिसलं की उठायचो. आठवडाभर मी त्यांच्या न येण्याला कारणं शोधत राहिलो आणि दर वेळी सापडतही गेली.

बाजाराच्या दिवशी ते आष्टीत भेटले. मुलगी बांगड्या बघत होती. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. हात धरून मला बाजूला घेतलं.

"मास्तर, तिच्या मामाला सांगून टाकलंय, औंदा लगीन न्हाई. आन रोज सांच्याला चुलीम्होरं बसतो आमी. म्या इचारतो, ती सांगती. मंग ती मला इचारती. आता भ्याव न्हाई वाटत. माझं चुकलं का ती हसती, तिचं चुकलं का म्या."

"वा, मिस्तरी!"

"तुमाला लई तरास दिला. रोज तुमचा टाइम खाल्ला, चहाचा खर्चा केला. आता बिलकुल न्हाई देनार तरास."

"तरास कसला," मी म्हणालो. त्यांना ते रीतीचं बोलणं वाटलं. मिस्तरी, तुम्ही यायचात म्हणून माझ्या खोलीत माणूस असायचा, हे भर बाजारात मिरचीच्या ढिगापाशी उभं राहून कसं सांगणार? आणि सांगितलं असतं, तर त्या भल्या माणसाने पोरीला चुलीपुढे एकटं सोडून माझ्याकडे यायला सुरुवात केली असती.

"बरं झालं," मी म्हणालो.

मास्तर म्हणून ते खरंच बरं झालं होतं. ते दोघं बैलगाडीकडे निघून गेले. मला घ्यायचं होतं ते घेऊन झालं होतं, तरी मी बाजार उठेपर्यंत तिथेच फिरत राहिलो, कारण खोलीवर जायचं नव्हतं.