विठाबाईच्या भिंतीवरचा लाल ठिपका

त्र्याण्णवच्या भूकंपात विठाबाईचा नवरा दगडी भिंतीखाली गेला. पुढं औशाकडच्या त्यांच्या गावात सरकारनं पक्की घरं बांधून दिली. विठाबाईनं आपल्या घरात कडबा भरला आणि स्वतः शेजारच्या पत्र्याच्या शेडात राहिली. थंडीत दम्यानं जीव कासावीस व्हायचा, पण बाई छताखाली जाईना.

मुलगा भागवत विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झाला आणि लातुरात क्लासवाल्यांच्या इमारती तपासू लागला. लेसरचा किरण भिंतीवर सोडायचा; परत आलेल्या उजेडावरून भिंत किती थरथरते ते यंत्र सांगायचं. क्लास सुटून पोरं जिन्यावरून धडधडत उतरली की होणारी बारीकशी हालचालही त्यात सापडायची.

"आपल्या घरावर बी लाव की रं तो उजेड," विठाबाई म्हणायची. "तू ठीक म्हणलास तर जाते मी आत."

भागवत नुसतं हो हो करायचा. क्लासवाल्यांना घाई असते. आई काय, थांबतेच! शेवटी डॉक्टरांनी तिला पत्र्याखालून हलवायला सांगितलं, तेव्हा या शहाण्यानं काय करावं? बाजारातून खेळण्यातला लाल लाइट आणला, भिंतीवर ठिपका पाडला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आई, भिंत भक्कम हाय."

विठाबाईनं त्याच दिवशी कडबा बाहेर काढला. आत झोपली, आणि सकाळी गल्लीभर सांगत सुटली. दुपारी शेजारची सिद्धम्मा दारात हजर. "भागवता, माझ्या बी घराला लाव."

तिच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला.  खोटं बोलून म्हातारीला त्या भिंतीखाली झोपवणं भागवतच्यानं होईना. लाइट खेळण्यातला होता, हे त्यानं दोघींसमोर सांगून टाकलं. विठाबाईनं वाकळ गुंडाळली आणि शेडात गेली.

मग मात्र भागवतला खरं यंत्र आणायला सवड सापडली. सिद्धम्माच्या भिंतीची दुरुस्ती निघाली. आईचं घर खरोखरच भक्कम होतं. त्यानं यंत्राच्या पडद्यावरची रेघ आईला दाखवली, तिचे पाय धरले.

"यंतर खरं बोलत असंल बाबा," ती म्हणाली. "पण ते काय म्हणतंय हे मला सांगणार तूच ना?"

ती पुन्हा आत आली नाही. त्याच थंडीत पत्र्याखाली वारली.