अनवाणी लेक

आमच्या पेठ तालुक्यात माझा सत्कार असला की भाषण करणारा एक वाक्य हमखास बोलतो, "आमची लेक अनवाणी धावते." टाळ्या तिथंच पडतात. मी लांब पल्ल्याच्या शर्यतीत राज्याकडून धावते, पण बूट परवडत नव्हते म्हणून अनवाणी धावायचे. त्यात कसलं आलंय कौतुक? शाली मात्र इतक्या मिळाल्या की आईनं त्यांची गोधडी शिवली.

गेल्या हंगामात सकाळी सराव करून दिवसभर द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या भरल्या, तेव्हा कुठं नाशिकला जाऊन धड बूट घेतले. ते घालून राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं आणि सत्कारालाही तेच घालून गेले.

आयोजक काका माझ्या पायांकडे बघून नाराज झाले. म्हणाले, "बाळा, फोटोपुरते बूट काढून ठेव. अनवाणीच शोभतं तुला."

मी म्हटलं, "काका, तुम्ही घेऊन दिले असते तर काढले असते."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गळ्यात पदक, खांद्यावर शाल, हातात नारळ. फोटो कमरेपर्यंतच छापला होता. खाली लिहिलं होतं, अनवाणी धावणारी आपली लेक.