मालूताईंचा मेन स्विच

ये गं पोरी, अशी पडद्याजवळ ये, कान धरायचाय तुझा. "आई, बाळाला ताप आहे, तासाभरानं बोलू," एवढंच सांगून कुणी फोन ठेवतं का? तू तिकडे परदेशात, आणि इथे तेवढ्यात नेट गेलं. फोन खिडकीत धरला, बंद करून चालू केला, छे! वायफाय आपलं आणि शेजारच्या मालूताईंचं एकच, डबा त्यांच्या घरात. बघते तर दाराला कुलूप. मग आठवलं, त्या नुकत्याच गावाला गेल्या, आणि निघताना मेन स्विच बंद करायचा ही त्यांची शिस्त. किल्ली माझ्याच खुंटीवर होती. दार उघडून स्विच वर केला. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, हिरवा काही होईना.

तू वसतिगृहात होतीस तेव्हा आठवडाभर पत्र आलं नाही तरी मी निवांत भाकऱ्या थापायचे. आता दोन मिनिटं दिवा लाल राहिला तर त्या डब्यासमोरून हलत नाही मी. रोज दिसायला लागलात, म्हणून धीर कमी झाला का गं माझा?

दिवा हिरवा झाला, तू दिसलीस, बाळ हसलं. पण पडद्यावरून ताप कळत नाही. लवकर घेऊन ये त्याला, कपाळाला हात लावून बघायचाय मला.