एबोचा गुडघा आणि विजयसिंहाचं इंग्रजी

दहावीत इंग्रजीने तीनदा धूळ चारली, तेव्हा विजयसिंहाने इंग्रजीचा नाद सोडला आणि तो घरच्या म्हशींच्या मागे लागला. रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. पण फुटबॉलवेड्या पेठेत जन्मलेल्या माणसाचा फुटबॉल कसा सुटणार? टीव्हीवर परदेशी सामने लागायला लागले आणि हाकलून दिलेलं इंग्रजी मागच्या दाराने घरात आलं.

आधी समालोचनाचा नुसता कालवा ऐकू यायचा. मग हळूहळू शब्द सुटे व्हायला लागले. ऐकलेला शब्द तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत उतरवून घेई आणि सकाळी शाळेला, पुढे कॉलेजला निघालेल्या लेकीला, तेजस्वीला, दारातच अडवून अर्थ विचारी. डिझर्व्ह. डेस्परेट. हॅमस्ट्रिंग. लिगामेंट. बारा वर्षांत असे शेकड्यांनी शब्द जमले. म्हशीने लाथ मारून बादली उलथली की हा शिवी हासडायच्या ऐवजी "अनलकी!" म्हणायचा आणि कट्टा पोट धरून हसायचा. हसेनात का! कुठल्याही देशाच्या धाटणीचं इंग्रजी त्याच्या कानाला कळायचं, जिथे पेठेतल्या शिकल्यासवरल्यांचीही फेफे उडायची.

म्हणूनच पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाने घानाहून एबो नावाचा चोवीस वर्षांचा खेळाडू आणला, तेव्हा दुभाषा म्हणून विजयसिंहालाच बोलावणं आलं. तालमीचे अध्यक्ष गणपतराव सत्तरीचे, एरवी कुणाची भीडभाड न ठेवणारे, पण तेही याचं तोंड बघत बसायचे. विजयसिंहाची कॉलर ताठ झाली. एबो त्याला अंकल म्हणायचा, कट्ट्यावर येऊन धारोष्ण दूध प्यायचा.

त्याच हंगामात तालीम तब्बल अकरा वर्षांनी अंतिम सामन्यात पोचली, आणि समोर पलीकडची पेठ! सामन्याच्या सकाळी एबो गुडघा धरून बसला. लिगामेंट दुखावलंय, आत काहीतरी सरकतंय, आज खेळलो तर पाय कामातून जाईल, असं त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. विजयसिंहाला सगळं कळलं. कळलं नाही म्हणायची सोयच नव्हती.

"काय म्हणतोय रं त्यो?" गणपतरावांनी विचारलं.

बाहेर हलगी कडाडत होती. विजयसिंहाच्या तोंडून निघून गेलं, "जरा दुखतंय म्हणतोय. पट्टी आवळली की पळंल बघा."

मग तो एबोकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "त्यांना सगळं सांगितलं मी. तरी खेळच म्हणतात."

एबोने मुकाट्याने बूट चढवले.

सामना जिंकला. साठाव्या मिनिटाला एबो वळायला गेला आणि जागेवर कोसळला. त्याची किंकाळी विजयसिंहाने कानांनी ऐकली, आणि तरी शेवटच्या शिट्टीनंतर तो गुलालात नाचला. पुढे घास तोंडाशी नेला की त्याला तो नाच आठवायचा आणि स्वतःची किळस यायची.

ऑपरेशन झालं. वर्षभर मैदान बंद, पुढचंही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गणपतराव रोज बोकडाच्या पायांच्या सुपाचा डबा घेऊन दवाखान्यात यायचे, आणि एबो भिंतीकडे तोंड फिरवायचा. विजयसिंहाचा मात्र हात धरायचा. "अंकल, तुम्ही सांगितलंत, पण त्यांनी ऐकलं नाही," म्हणायचा. विजयसिंहाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कबुली ओठांपर्यंत यायची आणि परत जायची. पाडणारा खेळाडू हात वर करून मी नाही त्यातला म्हणतो, हे त्याने टीव्हीवर हजारदा पाहिलं होतं. आता तोच तसा उभा होता.

पाचव्या दिवशी गणपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"विचार त्येला, माझ्यावर का रुसलाय? आन् आदी सांगितलं का न्हाई? मी भाईर बसवलं असतं की त्येला. कप गेला खड्ड्यात!"

विजयसिंहाचा हात अजून एबोच्या हातात होता. "त्यानं सांगितलतं," तो म्हणाला. "मीच तुमास्नी सांगितलं न्हाई. मला कप पायजे हुता."

मग तेच त्याने एबोला सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण काही न गाळता. एबोने आपला हात काढून घेतला.

गणपतरावांचा हात उगारला गेला, तो त्यांनीच खाली घेतला. "भाईर हो," एवढंच म्हणाले.

तो बाहेर बाकावर बसला. दार उघडंच होतं. आत डब्याचं झाकण वाजलं, गणपतराव मराठीत समजूत घालत राहिले. बऱ्याच वेळाने एबो हळू आवाजात काहीतरी बोलला.

"विजयसिंहा!" आतून हाक आली. "काय म्हणतोय रं त्यो?"

विजयसिंह दारापर्यंत गेला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची त्याची हिंमत झाली नाही.

"म्हणतोय," तो म्हणाला, "ह्या गावात मी एकाच माणसावर इस्वास टाकलता."