दादाच्या खोलीतला खिळा

दादा गेल्याची चिठ्ठी बाजारहत्नूरच्या बसच्या कंडक्टरनं आणून दिली. डोक्यात चढलेला मलेरिया, तीन दिवसांत सगळं संपलं... त्याला आता महिना झाला. लिहायचंच तर खरं लिहावं, म्हणून बसले आहे.

माझा थोरला भाऊ गणिताचा मास्तर, आणि आदिलाबादेत त्याच्या वर्गाला नाव होतं. बाजारहत्नूरकडच्या जंगलातल्या शाळेत कुणी टिकत नव्हतं, दहावीला गणितात अख्खा वर्ग नापास. म्हणून तिथं जाणाऱ्या चांगल्या शिक्षकाला सरकारनं पगारावर जादा भत्ता लावला. बाबा नव्हते, माझं शिक्षण अडलेलं. दादा म्हणाला, "दोनच वर्सं जातो. तुयं झालं का वापस." तिथल्या खोलीत त्यानं एक खिळा ठोकला नाही. सदरा खुर्चीवर, आरसा खिडकीत. "काऊन रे दादा, भिंतीले दुखते काय?" मी चिडवायची. "खिळा ठोकला का मानूस राह्यते वं," म्हणून हसायचा.

पोरं पास व्हायला लागली. दोन वर्षं भरली तसा त्यानं बदलीचा अर्ज लिहिला आणि कचेरीत द्यायला माझ्या हाती दिला. माझं बी.एड. व्हायचं होतं, भत्ता गेला की फी गेली. मी कचेरीच्या पायरीपर्यंत गेले... आणि अर्ज पर्समध्ये ठेवून परत आले. पुढच्या वर्षी देऊ, असं मनाला समजावलं. दादाला सांगितलं, "देल्ला." मेली जीभ जराही अडखळली नाही!

दिवाळीनंतर गेले, तर भिंतीत खिळा आणि त्यावर सदरा. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "कचेरीत जाऊन आलो. अर्ज आलाच नाई म्हंते बाबू." तो चहा गाळत राहिला. "घे, चहा घे. शिकून घे तू." बस्स. पुन्हा कधी तो विषय नाही.

मला नोकरी लागली, पण तोवर घराला त्या भत्त्याची सवय झाली होती. आधी आईचं औषध, मग माझं लग्न. पुढं त्यानं बदली मागितली, तर साहेब म्हणाले, तुमच्यामुळंच निकाल लागतो, सोडू कसं? चांगलं शिकवलं म्हणून अडकला बिचारा, आणि अडकवला मी.

परवा खोली रिकामी करायला गेले. सामान एका ट्रंकेत मावलं. शिपाई म्हणाला, "ताई, खिळा उपटू काय?" नको म्हटलं. सदरा काढून घेतला. तो अर्ज मी इतकी वर्षं फाडला नव्हता, पिवळा पडलाय. पर्समधून काढला आणि खिळ्याला टोचला.

देल्ला रे दादा... अर्ज देल्ला.